‘स्ट्राइड म्हणजे चालणे’ असं वहीत लिहू नका

स्ट्राइड म्हणजे चालणे, ट्रज म्हणजे चालणे, स्ट्रोल म्हणजेही चालणे. शब्दकोशातून वहीत उतरवलेली ही यादी चुकीची नाही, पण कामाचीही नाही. तीन शब्दांपुढे एकच अर्थ लिहिला की ऐन वेळी ‘वॉक’च आठवतो आणि बाकीचे वहीतच पडून राहतात.

यात दोष पाठांतराचा नाही. हालचाल सांगताना मराठी आणि इंग्रजी वेगवेगळी मांडणी करतात. मराठीत मुख्य क्रियापद बहुधा कुठे ते सांगतं: गेला, शिरला, चढला, उतरला. कसा, ते त्याच्या आधी येतं: लंगडत, ढांगा टाकत, पाय ओढत. इंग्रजीचा कल उलटा. ‘कसा’ क्रियापदाच्या पोटात जातं आणि ‘कुठे’ पुढच्या छोट्या शब्दावर सोपवलं जातं. ‘त्याने लंगडत रस्ता ओलांडला’ हे इंग्रजीत ‘ही लिम्प्ट अक्रॉस द रोड’ होतं. लंगडणं झालं क्रियापद आणि ओलांडणं उरलं ‘अक्रॉस’मध्ये. लेनर्ड टाल्मी या अमेरिकी भाषावैज्ञानिकाने १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात भाषाभाषांमधला हा फरक नीट मांडून दाखवला.

म्हणून वहीत अर्थ लिहिताना ‘चालणे’ गाळा आणि फक्त ‘कसं’ लिहा. स्ट्राइड: ढांगा टाकत. स्ट्रोल: रमतगमत. ट्रज: थकलेले, जड पाय उचलत, बहुतेक वेळा लांबच्या वाटेवर किंवा चिखलात. शफल: पाय न उचलता, जमिनीला घासत. टॉडल: दुडूदुडू. स्टॅगर: झोकांड्या खात. टिपटो: चवड्यांवर. स्टॉम्प: रागाने पाय आपटत. पेस: येरझाऱ्या घालत. मराठीत या ‘कसं’ला शब्दांची ददात नाही, त्यामुळे जोडी जवळजवळ नेहमी सापडते. स्ट्रट मात्र जपून वापरा. छाती काढून तोऱ्यात चालणं असा त्याचा अर्थ आहे, आणि माणसाबद्दल वापरला की ती टीका ठरते.

असं क्रियापद निवडलं की त्याच अर्थाचं क्रियाविशेषण पुन्हा जोडू नका. ‘ट्रज्ड’नंतर ‘स्लोली’ लावलं तर वाक्य ढिलं पडतं, कारण संथपणा ‘ट्रज’मध्येच आहे.

इंग्रजी याच्याही पुढे जाऊन आवाजालासुद्धा गती देते. ‘द ट्रक रम्बल्ड पास्ट’ म्हणजे ट्रक धडधडत गेला. वाक्यात ‘जाणे’ कुठेच नाही, तरी ट्रक जातो. पण इथे एक अट आहे. आवाज त्या हालचालीतूनच निघालेला हवा. माणूस हसत खोलीबाहेर गेला, तर ‘ही लाफ्ट आउट ऑफ द रूम’ चालत नाही, कारण हसू पावलांतून येत नाही. तिथे ‘ही वेन्ट आउट लाफिंग’ असंच म्हणावं लागतं.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ‘घसरणे’पाशी. स्लिपमध्ये तोल जातो. ते नकळत, क्षणात होतं: ओल्या फरशीवर पाय सटकला. स्लाइडमध्ये पृष्ठभागाचा स्पर्श सुटत नाही आणि हालचाल सलग चालू राहते, मग ती मुद्दाम असो वा नसो. मुलं घसरगुंडीवरून स्लाइड होतात, टेबलाचा खणही स्लाइड होतो. स्किड प्रामुख्याने वाहनाचं: ब्रेक जोरात दाबला, चाकं फिरायची थांबली आणि गाडी ताबा सोडून घसरत गेली. एकच ‘घसरली’ वाचून यातला कोणता शब्द घ्यायचा हे ठरवताना दोन प्रश्न पुरतात: अचानक की सलग? पायाखाली की चाकाखाली? शिवाय ‘शी स्लिप्ट आउट ऑफ द रूम’ यात कुणी पडलेलं नाही. ती कुणाच्या लक्षात न येता खोलीतून सटकली, एवढंच.

‘हलणे’ही असंच पसरट आहे. स्विंग: वरून टांगलेलं झुलतं. स्वे: झाडासारखं, तळ जागेवर ठेवून डोलतं. रॉक: होडी किंवा पाळणा हेलकावे खातो. वॉबल: पाय तोकडा असलेलं टेबल डुगडुगतं. शिव्हर बहुधा थंडीने, ट्रेम्बल भीती, राग किंवा अशक्तपणाने, आणि शडर म्हणजे किळस वा धास्तीने अंगावरून गेलेला एखादाच झटका.

काही क्रियापदं मात्र मराठीसारखी वागतात. एन्टर, रिटर्न, असेन्ड, डिसेन्ड हे लॅटिनमधून, बरेचसे फ्रेंचमार्गे आलेले शब्द दिशा पोटातच घेऊन येतात. म्हणून ‘एन्टर्ड इनटू द रूम’ आणि ‘रिटर्न बॅक’ यांत दिशा दोनदा सांगितली जाते. खोलीत शिरायला नुसतं ‘एन्टर्ड द रूम’ पुरे. ‘एन्टर इनटू’ करारात किंवा चर्चेत शिरताना चालतं. ‘रीच’ मुळात इंग्रजीच, तरी त्यालाही ‘टू’ नको: ‘रीच्ड द स्टेशन’. मराठीतला ‘स्टेशनला’मधला ‘ला’ तिथे ‘टू’ होऊन घुसतो, ‘गो टू होम’मध्येही तोच. ‘अराइव्ह’ फ्रेंचमधून आलेला असूनही अपवाद आहे: स्टेशनपाशी ‘ॲट’, शहरात किंवा देशात ‘इन’.

येणं-जाणं दोन्ही भाषांत बरंचसं जुळतं. फोनवर ‘येतोच’ म्हणणाऱ्याला ‘आयॅम कमिंग’ बरोबर बसतं. निरोप घेतानाचं ‘येतो’ मात्र इंग्रजीत ‘कम’ होत नाही. तिथे ‘आयॅम ऑफ’ किंवा ‘सी यू’ म्हणा. आणि ‘जाऊन घेऊन ये’ या तिन्ही क्रियांना इंग्रजीत एकच शब्द आहे, ‘फेच’. त्याच्या आधी ‘गो अँड’ लावलं तरी चालतं, न लावलं तरी जाणं त्यात आलेलंच असतं.