वर्ग सोपवताना

वडील गेले त्याच्या चौथ्या दिवशी मी अर्ध्या दिवसापुरती शाळेत गेले. पुढचे तीन आठवडे आईजवळ राहायचं ठरलं होतं. त्याआधी पाचवीचा वर्ग कुणाच्या तरी हाती नीट द्यायचा होता.

रजेचा अर्ज चार ओळींत झाला. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "बाकीचं आम्ही बघतो, तुम्ही निघा." पण माझा पाय निघेना.

आदल्या रात्री अडीचपर्यंत जागून मी तीन आठवड्यांचं तासवार नियोजन लिहिलं होतं. फळ्यावर काय लिहायचं, कोणती उदाहरणं द्यायची, सगळं. १३ पानं झाली. हात थांबला की रडू यायचं, म्हणून लिहीत राहिले असणार. माझ्या जागी येणाऱ्या ताईंनी ती पानं शांतपणे चाळली आणि म्हणाल्या, "मॅडम, शिकवायचं मी बघेन. मला मुलांबद्दल सांगा."

मग बाकांचा नकाशा काढला आणि नावापुढे एकेक ओळ लिहिली. ही हळू बोलते, पण उत्तर येत असतं, जरा थांबा. याला मागून फळा दिसत नाही आणि तो सांगणार नाही, पुढेच बसवा. या दोघांना एका गटात नको. ३८ मुलांचं एवढंसं लिहायला पाऊण तास लागला, पण पुढे ताईंना उपयोगी पडलं ते हेच.

नियोजनातून मी सगळ्यात आधी अपूर्णांक काढले. समान छेदांची बेरीज झाली होती, असमान छेदांची सुरू व्हायची होती, आणि ही जागा फार नाजूक. मुलं १/२ आणि १/३ची बेरीज बेधडक २/५ करतात, वरचे वर, खालचे खाली. २/५ तर अर्ध्याहूनही कमी! मिळवल्यावर कमी कसं झालं, हे कागदाच्या पट्ट्यांना घड्या घालून मुलांच्या डोळ्यांना दिसावं लागतं. एकदा चुकीचं बसलं की उखडायला महिना जातो. म्हणून ते माझ्यासाठी ठेवलं. ताईंना कोन मोजणं, परिमिती आणि जुन्या धड्यांचा सराव दिला, शिवाय रोज २० मिनिटं मोठ्याने वाचन. दर शुक्रवारी एक मेसेज, एरवी फोन नाही, असंही ठरलं.

राहिलं मुलांना सांगणं. वर्गातल्या एका मुलाचे वडील मागच्या वर्षी वारले होते. सगळ्यांबरोबर अचानक त्याच्या कानावर पडू नये म्हणून मधल्या सुट्टीत त्याला बाजूला घेऊन आधी सांगितलं. "वर्गात बोलेन तेव्हा तुला बाहेर जावंसं वाटलं तर जा, विचारू नकोस." त्याने मान हलवली.

वर्गात मी सरळ म्हटलं, "माझे वडील वारले." झोपले, दूर गेले असलं काही म्हटलं नाही. लहान मुलं शब्द जसाच्या तसा घेतात, मग त्यांना झोपायचीच भीती बसते. आवाज मध्येच अडकला, तर थांबून पाणी प्यायले. एकीने विचारलं, "बाई, तुम्ही परत येणार ना?" भिंतीवरच्या कॅलेंडरवर परतीच्या तारखेला गोल केला.

तो मुलगा बाहेर गेला नाही. शाळा सुटल्यावर दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत टेबलाजवळ उभा राहिला.

"बाई, परत आल्यावर सगळे तुमच्याकडे बघतील. मी आलो तेव्हा बघत होते."

"मग काय करू रे?"

त्याने खरोखर विचार केला. "लवकर या. आम्ही यायच्या आधी बसून घ्या. मग दारातून यावं लागत नाही."

मागच्या वर्षी तो परत आला तेव्हा मी शिकवायचं थांबवून "ये, ये" म्हणत दारापर्यंत गेले होते. सगळा वर्ग वळून बघत होता. मला वाटलं होतं, मी मायेने केलं. त्याला मी तिथेच तसं सांगितलं आणि माफी मागितली. "असू दे," म्हणाला.

तीन आठवड्यांनी मी अर्धा तास लवकर गेले. खिडक्या उघडल्या, खुर्चीत बसले आणि पट्ट्या कापायला घेतल्या. पहिली दोन मुलं आत आली तेव्हा त्यातल्या निम्म्या कापून झाल्या होत्या.