वटवाघळं, पायऱ्या आणि आमचे हे

पावसाळ्यात फोंड्याला आमच्या घरी पुस्तकांना बुरशी येते, दरवर्षी येते, आणि दरवर्षी आमचे हे अख्खं कपाट जमिनीवर पसरून फॅनखाली वाळत घालतात, मग चार दिवस हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. परवा चहा घेऊन गेले तर म्हणतात, "गो, आपण वटवाघळं पाळूया काय?"

हे कोइंब्राचं वेड. भाचा तिथे मास्टर्स करत होता म्हणून पोर्तुगालला गेलो, आणि लिस्बन दोन दिवसात उरकून सहा दिवस कोइंब्रात काढले. तिथली युनिव्हर्सिटी १२९० सालची, आधी लिस्बनला होती, मग मागेपुढे करत १५३७ मध्ये कोइंब्रात कायमची आली. १२९० ऐकल्यावर हे तिथेच थांबले. "शके १२१२! म्हणजे ज्ञानेश्वरीचंच साल." जन्मभर मराठी शिकवलेला माणूस, आता गेटवरच्या शिपायालापण ज्ञानेश्वरी सांगतात की काय असं मला झालं.

ह्यांची आवडती जागा म्हणजे तिथली जोआनिना लायब्ररी. अठराव्या शतकातली, छतापर्यंत पुस्तकं, सगळीकडे सोन्याचा मुलामा. पण ह्यांना सोन्याचं काही नाही, ह्यांना वटवाघळं! दिवसा ती कपाटांमागे लपून असतात, रात्री बाहेर पडून पुस्तकं खाणारे किडे खातात. त्यांची घाण पडू नये म्हणून रोज संध्याकाळी टेबलांवर चामडं अंथरतात आणि सकाळी झाडलोट. आत थोडीच मिनिटं सोडतात, त्यातली निम्मी ह्यांनी मान वर करून घालवली. एक दिसेल तर शपथ.

माझी जागा मात्र पायऱ्या. जुन्या वेशीतून वरच्या जुन्या कॅथेड्रलकडे जायला 'केब्रा कोश्ताश' म्हणून चढण आहे, नावाचा अर्थच पाठमोड! पणजीची आल्तिनो टेकडी चढताना दम लागतो म्हणणाऱ्या आम्हाला हे कशाला हवं होतं, पण अर्ध्यात बसलो आणि बसूनच राहिलो. युनिव्हर्सिटीचे काळे झगे घातलेली पोरं धडाधड उतरत होती. आपल्याकडे एवढ्या उन्हात वकीलसुद्धा कोर्टाबाहेर आले की आधी कोट काढतात. आपल्याकडे एवढ्या उन्हात वकीलसुद्धा कोर्टाबाहेर आले की आधी कोट काढतात.

एका रात्री फादो, म्हणजे तिकडची पारंपरिक गाणी, ऐकायला गेलो. तिथला फादो पुरुषच गातात, आणि आवडलं तर टाळ्या नाहीत, खाकरायचं. ह्यांना सर्दी झालेली. गाण्याच्या मधेच सुरू झाले ते थांबेनात, भाचा लाल झाला, गाणारा मात्र ह्यांच्याकडे बघून हसला, बहुतेक कोणीतरी दर्दी आलाय असं वाटलं असेल त्याला. जत्रेतल्या नाटकाला वन्स मोअर देणारा माणूस, त्याला काय तेवढंच पाहिजे होतं.

भांडण झालं ते सोमवारी. आमच्याकडे सोमवार म्हणजे शिवराक, मांस-मासे बंद. हिरव्या पाल्याचं सूप म्हणून मी मागवलं आणि ह्यांच्या वाटीत तळाशी शोरीसचा, म्हणजे डुकराच्या सॉसेजचा, तुकडा. झालं! माझ्याशी बोलायचे बंद, आणि तसेच मोंदेगो नदीवरच्या पायी जायच्या पुलावर. पुलाचं नाव पेद्रो-इनेश. राजपुत्राचं जिच्यावर प्रेम, त्या इनेशला त्याच्या बापाने १३५५ मध्ये मारवलं, ती हीच. २००६ चा पूल, त्याचे दोन्ही काठांकडून आलेले भाग एका रेषेत येतच नाहीत, मधे एकमेकांच्या बाजूला लागतात आणि तिथे थोडी मोकळी जागा होते. हे पुढे, मी मागे. मधल्या जागेत पोचले तर हे कठड्याच्या रंगीत काचेतून पाणी बघत उभे. म्हणाले, "मांडवी बरी, नाही?" बोलले तरी.

भाचा अजून विचारतो, मामी, सगळ्यात काय आवडलं? हे लायब्ररी म्हणतात, मी पायऱ्या, मग पुन्हा सगळं पहिल्यापासून.

काल रात्री पेरूवर खरोखरची वटवाघळं आली. ह्यांनी टॉर्च घेऊन बराच वेळ बघितलं, मग आत येऊन म्हणाले, ही फळं खाणारी, आपल्या उपयोगाची नाहीत. सकाळी अंगणात अर्धे खाल्लेले पेरू मीच वेचले.