कापरेकरांचा ६१७४ आणि निसटणारं शून्य

कॉम्प्युटरच्या वर्गात व्हेरिएबल, इफ-एल्स, लूप, लिस्ट आणि फंक्शन एवढं शिकून झालंय. भाषा पायथन. नव्यानं शिकणाऱ्या आणि शिकताना रमणाऱ्या मंडळींसाठी ही पुढची नोंद. यावेळी जवळपास सगळी नोंद एकाच गणिताची आहे, कारण त्या एका गणितानं मला जेवढं शिकवलं तेवढं आधीच्या सगळ्या सरावांनी मिळून शिकवलं नव्हतं.

आधी बाकीचं थोडक्यात. लीप वर्षाचा प्रोग्रॅम झाला. त्यात खरी गंमत अटींच्या क्रमात आहे. ४ ने भाग जातो का, हे आधी विचारून लगेच 'हो' म्हटलं की १९०० सुद्धा लीप ठरतं, आणि ते लीप नव्हतं. २००० मात्र होतं. म्हणून ४०० पासून सुरुवात करायची, मग १००, मग ४. १ ते १०० मधला आकडा ओळखायचा खेळही झाला. दर वेळी मधला आकडा विचारला की उरलेला पट्टा निम्मा होतो, त्यामुळे सात प्रश्नांत उत्तर हमखास सापडतं, कारण २ चा सातवा घात १२८. हे दोन्ही छान आहेत, पण मला त्यात फार काळ रेंगाळावंसं वाटलं नाही.

रेंगाळायला लावलं ते कापरेकरांच्या संख्येनं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे शाळेत शिक्षक होते आणि आयुष्यभर आकड्यांशी खेळले. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म दाखवून दिला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या क्रमानं मांडा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं, आणि एकदा आलं की तिथून हलत नाही.

४५२७ घेऊन बघा. ७५४२ वजा २४५७ म्हणजे ५०८५. पुढे ८५५० वजा ०५५८, ७९९२. मग ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि सातव्या पायरीला ६१७४. कागदावर हे करताना इतकं सोपं वाटतं की प्रोग्रॅम दहा ओळींत उरकेल अशी खात्री होते.

आमच्या मॅडमचा एक नियम आहे: कीबोर्डला हात लावायच्या आधी काम साध्या मराठीत लिहून काढायचं, आणि प्रत्येक वाक्यात एकच क्रियापद. 'अंक उतरत्या क्रमानं मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा कर' हे वाक्य त्या चालवून घेत नाहीत. ते तोडायचं. संख्येचे अंक सुटे कर. अंक लहानाकडून मोठ्याकडे लाव. त्यांची एक संख्या जुळव. तीच यादी उलटी कर. तिची दुसरी संख्या जुळव. वजाबाकी कर. असं तोडलं की लक्षात येतं, 'सुटे कर' आणि 'जुळव' ही दोन कामं आपण हातानं करताना करतच नाही. कागदावर अंक मुळातच सुटे दिसतात. यंत्रासमोर मात्र संख्या हा एकसंध ऐवज असतो.

या वाक्यांचीच मग फंक्शन झाली. पायथन ३ मध्ये फंक्शनची आणि व्हेरिएबलची नावं देवनागरीत दिलेली चालतात, म्हणून मी 'अंक_काढ', 'संख्या_जुळव' आणि 'पायरी' अशी नावं दिली. स्वतःचा प्रोग्रॅम स्वतःच्या भाषेत वाचता येणं मला फार आवडतं. ज्यांना टायपिंगची अडचण नाही त्यांनी एकदा करून बघाच.

'अंक_काढ' असं चालतं: संख्येला १० ने भागून बाकी घ्यायची, तो शेवटचा अंक. मग संख्येच्या जागी भागाकार ठेवायचा. संख्या शून्य होईपर्यंत हेच करायचं. ४५२७ मधून ७, २, ५, ४ असे अंक क्रमानं बाहेर पडतात. 'संख्या_जुळव' याच्या उलट: शून्यापासून सुरुवात, दर अंकाला आधीची बेरीज दहापट करून त्यात अंक मिळवायचा.

४५२७ वर प्रोग्रॅम अचूक चालला. ८३५२ वर चालला. मनात येईल त्या संख्येवर चालला. मग शेजारच्या बाकावरून कुणीतरी २१११ घालायला सांगितलं. पडद्यावर ९९९ आलं, त्याखाली ०, त्याखाली ०, आणि मग शून्यांची रांग थांबेचना.

मॅडमनी प्रोग्रॅमकडे पाहिलंच नाही. म्हणाल्या, "वहीत कर." केलं. २१११ वजा १११२, ०९९९. पुढे ९९९० वजा ०९९९, ८९९१. मग ८०८२, ८५३२, ६१७४. पाच पायऱ्यांत आलं की! त्यावर त्यांनी पेनानं वहीतल्या ०९९९ च्या शून्याखाली रेघ ओढली आणि विचारलं, "हे शून्य तू लिहिलंस. प्रोग्रॅमला कुठं सांगितलंस?"

हा प्रश्न मला अजून पुरलाय. हातानं गणित करताना आपण कितीतरी गोष्टी न सांगता करतो. 'चार अंकी' म्हटलंय म्हणून हात आपोआप चार घरं भरतो. प्रोग्रॅमसाठी मात्र ९९९ या संख्येत तीनच अंक आहेत. 'शून्य होईपर्यंत' ही अट लावली की ९, ९, ९ निघतात आणि लूप थांबतो. पुढे ९९९ वजा ९९९, शून्य. त्या शून्यातून तर एकही अंक निघत नाही, रिकामी यादी मिळते, तिची जुळवलेली संख्या पुन्हा शून्य. ६१७४ येईपर्यंत फिरायचं ठरवलेला लूप मग कशाला थांबेल?

उपाय एका ओळीचा निघाला: संख्या शून्य होईपर्यंत फिरायचं नाही, बरोबर चार वेळा फिरायचं. चौथ्या फेरीत शून्याला १० ने भागलं की बाकी शून्यच येते, आणि तोच हरवलेला अंक असतो. वर्गातल्या बऱ्याच जणांनी संख्येची स्ट्रिंग (नुसत्या अक्षरांची ओळ) करून 'झेडफिल'नं डावीकडे शून्य भरलं. तेही बरोबरच आहे, ओळीही कमी लागतात. पण शिकणाऱ्यानं एकदा तरी बाकी-भागाकाराच्या वाटेनं जावं असं माझं ठाम मत आहे. त्या वाटेवर शून्य कुठून जन्माला येतं ते डोळ्यांना दिसतं. स्ट्रिंगमध्ये ते वरून चिकटवल्यासारखं वाटतं.

ड्राय रनच्या, म्हणजे प्रोग्रॅम हातानं ओळीओळीनं चालवून पाहण्याच्या, तक्त्यात आणखी एक बारकावा सापडला. ८०८२ चे अंक चढत्या क्रमानं लावले की ०२८८ होतं. 'संख्या_जुळव' त्याची २८८ करते. इथेही शून्य गळलं, पण उत्तराला धक्का लागत नाही, कारण ८८२० वजा २८८ आणि ८८२० वजा ०२८८ एकच. म्हणजे शून्य वजाबाकीत गळलं तर चालतं, अंक सुटे करताना गळलं तर चालत नाही. एकच शून्य, पण एका ठिकाणी ते नुसतं दिसण्यापुरतं असतं आणि दुसऱ्या ठिकाणी घर अडवून बसलेलं असतं. हा फरक तक्ता मांडल्याशिवाय मला दिसला नसता.

मग पुढचा प्रश्न आपसूक आला: इतक्या संख्या घालून पाहिल्या, तरी हे आधी का दिसलं नाही? उत्तर वहीतच मिळालं. अंक उतरत्या क्रमानं अ, ब, क, ड मानले, तर वजाबाकी नेहमी ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) एवढी येते. हजारापेक्षा लहान उत्तर यायचं तर पहिला फरक १ आणि दुसरा ० हवा, आणि तेव्हा उत्तर ९९९ च. असे अंक म्हणजे तीन सारखे आणि चौथा त्यांच्याहून एकानं लहान किंवा मोठा: २१११, ७८७७, ९९९८ वगैरे. १००० ते ९९९९ मध्ये अशा संख्या फक्त ६८ आहेत. सारखे अंक वगळून उरलेल्या ८९९१ संख्यांमधून मनाला येईल ती उचलली, तर या ६८ पैकी एखादी हाती लागणं कठीणच. तेव्हापासून चाचणीसाठी मी संख्या निवडून घेते: १०००, १११०, ९९९८, ६१७४ स्वतः, आणि ५५५५, जिथे प्रोग्रॅमनं अदबीनं नकार द्यायला हवा.

याच सूत्रातून एक फुकटची तपासणीही मिळाली. ९९९ आणि ९०, दोघांनाही ९ ने भाग जातो. म्हणजे कुठल्याही पायरीच्या उत्तराला ९ ने भाग जायलाच हवा. 'पायरी' फंक्शनच्या शेवटी मी ही अट घातलीय. भाग गेला नाही तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो आणि संख्या दाखवतो.

मग सगळ्याच संख्यांवर प्रोग्रॅम सोडला. ०००० ते ९९९९ मधून सारख्या अंकांच्या दहा वगळल्या की ९९९० उरतात. प्रत्येकीला किती पायऱ्या लागतात ते मोजलं. एका पायरीत पोचणाऱ्या ३८३, दोन पायऱ्यांत ५७६, तीन पायऱ्यांत २४००, चारला १२७२, पाचला १५१८, सहाला १६५६ आणि सातला २१८४. ६१७४ ला स्वतःला शून्य पायऱ्या. बेरीज ९९९० जुळली. आठ पायऱ्या लागणारी एकही नाही.

पण बेरीज जुळली म्हणून प्रत्येक आकडा खरा असं थोडंच आहे? एखादा आकडा तरी प्रोग्रॅमशिवाय मोजून बघावा, म्हणून ३८३ हातात घेतला. एका पायरीत ६१७४ यायचं तर पहिला फरक ६ आणि दुसरा २ हवा, कारण ५९९४ अधिक १८० म्हणजे ६१७४. सर्वांत लहान अंक ०, १, २ किंवा ३ असू शकतो, म्हणजे चार पर्याय. त्या प्रत्येकासाठी मधल्या दोन अंकांच्या पाच जोड्या बसतात. त्यातल्या दोन जोड्यांत एक अंक दोनदा येतो, त्यांच्या मांडण्या १२–१२. उरलेल्या तीन जोड्यांत चारही अंक वेगळे, त्यांच्या मांडण्या २४–२४. एकूण ९६. चार पर्यायांचे ३८४. यात ६१७४ स्वतः आलीच, कारण तिचेही अंक ७, ६, ४, १ आहेत. ती काढली की ३८३. वहीतला आकडा आणि पडद्यावरचा आकडा एक निघाला तेव्हा झालेला आनंद मी इथे मुद्दाम नोंदवते आहे.

याच सूत्रानं अजून एक गोष्ट कळली. पहिला फरक १ ते ९, दुसरा ० पासून पहिल्या फरकापर्यंत, म्हणजे एकंदर ५४ जोड्या. संख्या ९९९० असल्या तरी पहिल्याच पायरीनंतर त्या ५४ उत्तरांमध्ये गोळा होतात. म्हणजे सगळा दावा एका संध्याकाळी पेन-वहीवर तपासता येण्यासारखा आहे. प्रोग्रॅम लिहिण्याआधी हे माहीत असतं, तर लूप ९९९० वेळा फिरवायची गरजच नव्हती. पण प्रोग्रॅम लिहिला म्हणूनच ते शोधावंसं वाटलं, हेही तितकंच खरं.

पुढचा टप्पा पाच अंकांचा. 'चार' हा आकडा फंक्शनमध्ये थेट लिहिण्याऐवजी 'घरं' नावाचं व्हेरिएबल बाहेरून दिलं, म्हणजे तोच प्रोग्रॅम तीन अंकांना, पाच अंकांना चालतो. तीन अंकांत सगळे ४९५ वर जाऊन थांबतात. पाच अंकांत मात्र थांबायला एकही संख्या नाही. ५३९५५ वरून ५९९९४, तिथून पुन्हा ५३९५५. किंवा ६१९७४, ८२९६२, ७५९३३, ६३९५४ आणि परत ६१९७४. 'उत्तर बदलायचं थांबेपर्यंत फिर' अशी अट इथे कधीच पुरी होत नाही. म्हणून भेटलेल्या संख्या एका सेटमध्ये (प्रत्येक गोष्ट एकदाच ठेवणाऱ्या संग्रहात) टाकत जायचं आणि ओळखीची संख्या दिसली की थांबायचं. हातानं करताना आपण हेही न सांगता करतो: 'अरे, ही मघाशी आली होती' असं म्हणून पेन खाली ठेवतो. हे तपासायचं असेल तर दोन अंकांपासून सुरुवात करा. ६३, २७, ४५, ०९, ८१ आणि पुन्हा ६३. फेरा छोटा आहे, आणि ०९ मुळे शून्याचीही परीक्षा होते.

आता सहा अंक हातात घेतलेत. ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन्ही संख्या स्वतःवरच परततात, एवढं वहीत पडताळून झालंय. याशिवाय एक फेराही आहे. कोणती संख्या यांपैकी कुठे जाते ते डिक्शनरीत, म्हणजे एका गोष्टीला दुसरी जोडून ठेवणाऱ्या संग्रहात, साठवायचं आहे. डिक्शनरी वर्गात अजून शिकवलेली नाही, पण मॅडमनी पुढे जायला परवानगी दिलीय, त्यामुळे कामाची मराठी वाक्यं लिहायला घेतलीत.