पांढरी राख

एम.टेक.ला मी विषय घेतला भाताच्या तुसाच्या राखेचा. आमचं गाव माणगाव तालुक्यात, घरची भातशेती. गिरणीमागचा तुसाचा ढीग लहानपणापासून पाहिलेला. १०० किलो भात भरडलं की साधारण २० किलो तूस निघतं, ते जाळलं की त्याच्या पाचव्या हिश्शाएवढी राख उरते, आणि त्या राखेत बहुतेक सगळी सिलिका, वाळूत असते तीच. ही राख चुन्यात मिसळून चिऱ्याच्या बांधकामासाठी मसाला करायचा, असा बेत होता.

मसाल्याचे ठोकळे २८ दिवसांनी यंत्राखाली दाबले, तर नुसत्या चुन्याच्या ठोकळ्यांहून ताकदीत फरक जवळपास नाहीच. सर म्हणाले, "राख आतून कशी आहे ते आधी बघ. एक्सआरडी करून आण."

एक्सआरडी म्हणजे क्ष-किरण टाकून पदार्थातल्या अणूंची मांडणी बघायची तपासणी. आमच्या विभागात त्याचं यंत्र नाही. केंद्र सरकारचं आय-स्टेम पोर्टल २०२० पासून आहे. देशभरातल्या संस्थांकडे कोणतं यंत्र आहे ते त्यावर शोधता येतं, स्लॉटही मागता येतो. मला हे दुसऱ्या वर्षात कळलं. पहिल्याच आठवड्यात कुणी सांगितलं असतं तर चार महिने वाचले असते. शेवटी एका तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या मध्यवर्ती उपकरण केंद्रात नाव लागलं.

फॉर्मवर गाइडची सही, विभागप्रमुखांची सही, पैसे भरल्याची पावती. एक सही राहिली म्हणून पहिला स्लॉट गेला आणि पुढचा तीन आठवड्यांनी मिळाला. तेव्हा फार रडू आलं होतं. फॉर्मवर एक प्रश्न होता, 'नमुना ओलावा शोषतो का?' मी बिनधास्त 'नाही' लिहिलं. जुलै महिना, कोकणातला पाऊस. साध्या झिपच्या पिशवीतली राख केंद्रावर पोचेपर्यंत गोळे गोळे झाली होती. तिथल्या ऑपरेटर काकांनी पिशवी उजेडात धरली आणि शांतपणे परत दिली. "बाय, ही १०५ डिग्रीला रात्रभर सुकव. मग डेसिकेटरमध्ये ठेव." डेसिकेटर म्हणजे नमुना कोरडा ठेवायचं झाकणबंद भांडं. त्यातले ओलावा शोषणारे निळे मणी सकाळपर्यंत गुलाबी झाले होते. हवेत किती पाणी असतं ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

यंत्राचं काम अर्ध्या तासाचं. आलेखावर २२ अंशांजवळ एक टोकदार सुळका उभा राहिला. मला वाटलं, छान, सिलिका मिळाली.

शेजारच्या टेबलावर रसायनशास्त्राची एक ताई आपल्या नमुन्याची वाट बघत बसली होती. तिने पडद्याकडे पाहून विचारलं, "कितीला जाळलीस गं?"

मी जाळली नव्हतीच. गावाजवळच्या वीटभट्टीत तूस सरपण म्हणून घालतात, तिथून आणली होती. तीही ढिगाच्या मधोमधची, सगळ्यांत पांढरी, कारण पांढरी म्हणजे शुद्ध अशी माझी समजूत. ताईने वहीच्या पाठच्या पानावर दोन चित्रं काढली. सुळका म्हणजे क्रिस्टोबलाइट, सिलिकेचंच स्फटिकरूप. जास्त आचेवर सिलिकेचे अणू ओळीने बसतात आणि मग चुन्याशी लवकर बोलायला तयार होत नाहीत. मला हवी होती ती विस्कळीत सिलिका. तिचा सुळका येत नाही, पसरट उंचवटा येतो. त्यासाठी आच ६०० डिग्रीच्या आसपास धरायची, ७०० च्या वर जाऊ द्यायची नाही. मी वेचून वेचून नेमकी नको ती राख आणली होती.

ही दहा मिनिटं माझ्या अख्ख्या प्रकल्पातली सर्वांत मोलाची. आलेख मेलवरही आला असता. पण मेलने मला 'कितीला जाळलीस' असं विचारलं नसतं. म्हणून मी आमच्या ज्युनिअर मुलांना बजावून सांगते, नमुना कुरिअरने पाठवू नका, घेऊन जा, आणि तिथे वेगळ्या विभागाचं कोण बसलंय ते बघा. खरंतर केंद्रानेच नमुना घेण्याआधी असं कुणीतरी समोर बसवायला हवं.

मफल फर्नेसमध्ये, म्हणजे आच हवी तेवढीच धरता येणाऱ्या प्रयोगशाळेतल्या भट्टीत, ६०० ला जाळलेली राख करडी निघाली, आणि पसरट उंचवटा मिळाला. त्याच राखेचा एसईएमही केला, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिचा पृष्ठभाग पाहिला. वीज वाहत नाही म्हणून नमुन्यावर आधी सोन्याचा अगदी पातळ थर चढवतात. पडद्यावर तुसाची बाहेरची बाजू आली, मक्याच्या कणसावर दाणे असावेत तसे उंचवटे, रांगेने. तूस जळून गेलं तरी दाण्याभोवतीची ती नक्षी तशीच होती. ते चित्र मी बाबांना फोनवर दाखवलं. ते बराच वेळ मोठं करून बघत राहिले.

नवे ठोकळे सध्या पाण्यात आहेत, २८ दिवस व्हायला अजून नऊ बाकी. ताई काजूच्या टरफलातल्या तेलापासून रेझिन, म्हणजे साच्यात घट्ट होणारी राळ, करते आणि त्याच्या पट्ट्या वाकवून बघायचं यंत्र तिच्याकडे नाही. गेल्या मंगळवारी ती आमच्या सिव्हिलच्या प्रयोगशाळेत आली. पहिली पट्टी फार लवकर तुटली, तेव्हा मी तिला विचारलं, "ताई, साचा किती तास गरम ठेवला होतास?" तिने वही उघडली.