पेशी झाल्या, आता ऊती: नागपुरातल्या सूक्ष्मदर्शकाची वही

मागच्या नोंदीत आपण गालाच्या पेशींपाशी थांबलो होतो. तिथून गाडी ऊतींकडे वळली आणि वेग एकदम मंदावला. पेशीचे भाग तसे शाळेपासून कानावरून गेलेले असतात: केंद्रक, पेशीद्रव्य, तंतुकणिका, गॉल्गी संकुल. ऊती म्हणजे एकसारख्या पेशींचे समूह, आणि प्राण्यांत त्यांचे तर चारच प्रकार. अभिस्तर (पृष्ठभाग झाकणारी), संयोजी (जोडणारी), स्नायू, चेता (मज्जातंतूंची). त्यात काय एवढं, असं वाटतं. मग तयार स्लाइड समोर येते, सगळीकडे गुलाबी-जांभळं दिसतं आणि चारांपैकी एकाचंही नाव घ्यायची हिंमत होत नाही.

नव्यांसाठी एका ओळीत: भाची बारावी सायन्स करून डीएमएलटीच्या (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या पदविकेच्या) तयारीत आहे. अभ्यास तिचा, हौस माझी, सूक्ष्मदर्शक दोघांचा.

ऊतींत शिरण्याआधी एक काम उरकून घेतलं, ते म्हणजे मोजमाप. आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) कडेला १८ हा आकडा छापलेला असेल तर त्याला ऑब्जेक्टिव्हच्या (स्लाइडजवळच्या भिंगाच्या) पटीने भागायचं. ४० पटीच्या ऑब्जेक्टिव्हला १८ भागिले ४० म्हणजे ०.४५ मिलिमीटर, अर्थात ४५० मायक्रॉन. दिसणाऱ्या गोल मैदानाची रुंदी एवढी. त्यात गालाच्या आठ पेशी कडेला कड लावून मावत असतील तर एक पेशी साधारण ५५ मायक्रॉनची. तिच्यातलं केंद्रक त्यामानाने अगदी बारकं. हे गुणोत्तर डोळ्यात बसवून ठेवा. पॅप तपासणीत (गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी करतात ती) गर्भाशयमुखाच्या ज्या वरच्या थराच्या पेशी पाहतात त्या याच चपट्या जातीच्या असतात, आणि पेशीच्या मानाने केंद्रक मोठं, गडद, वेडंवाकडं दिसू लागलं की तपासणारा तिथेच थांबतो. गालाची पेशी नीट पाहिलेल्या मुलीला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

नागपूरकरांसाठी मे महिन्याची सूचना: ओली स्लाइड कूलरच्या झोतात ठेवू नका. मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब टाकून कव्हरस्लिप ठेवतो न ठेवतो तोच कडा सुकायला लागतात, पेशी आकसतात आणि सगळं चित्र एका दिशेने सरकत राहतं. कव्हरस्लिपच्या चारही बाजूंना व्हॅसलिनची बारीक रेघ ओढली की निवांत पाहता येतं. मिथिलीन ब्लू मत्स्यालयाच्या सामानाच्या दुकानातही मिळतं, फार गडद असेल तर पातळ करून घ्या.

आता मूळ मुद्दा. ऊतींची स्लाइड म्हणजे काप. ऊती फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात, अल्कोहोलने तिच्यातलं पाणी काढतात, झायलीनमधून नेऊन मेणात बसवतात आणि मायक्रोटोमवर चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. पेशी बहुतेक त्याहून जाड. म्हणजे एका पेशीचेच दोन-तीन काप पडू शकतात, आणि केंद्रक त्यातल्या कुठल्या तरी एका-दोघांतच येणार. स्लाइडवर पाच-सहा पेशी केंद्रकाविना दिसल्या म्हणून त्यांना केंद्रकच नव्हतं असं होत नाही. पुस्तकातल्या आकृतीत प्रत्येक पेशीला मधोमध गोल ठिपका असतो, स्लाइडवर तसं कधीच नसतं. ही गोष्ट पहिल्याच पानावर का छापत नाहीत, देव जाणे.

यासाठी आम्ही स्वयंपाकघरात एक पडवळ संपवलं. आडवं कापलं की कडं मिळतं. उभं कापलं की दोन समांतर पट्ट्या. तिरकं कापलं की लांबट कडं, आणि त्याची भिंत एका बाजूला उगाच जाड दिसते. अगदी वरवर साल काढल्यासारखं कापलं तर पोकळी लागतच नाही, नुसती भरीव चकती हाती येते. त्यात पडवळ वाकडं असेल तर एकाच सरळ कापात दोन-तीन सुटी कडी पडतात. मूत्रपिंडाची स्लाइड अशाच कड्यांनी भरलेली असते. ती शेकडो वेगळी नळकांडी नाहीत, वळणं घेत गेलेल्या नलिका पुन्हा पुन्हा पात्याखाली आलेल्या असतात. भाचीने वहीत पडवळाची चारही चित्रं काढली आणि शेजारी स्लाइडवर सापडलेल्या नलिका काढल्या. या महिन्यातलं सगळ्यात कामाचं पान तेच.

पुढचा माल मटणवाल्याकडून. रविवारी सावजी रश्शात जायच्या आधी एक छोटा तुकडा बाजूला काढला, थोडा उकळला आणि स्लाइडवर दोन सुयांनी पिंजला. धागे जितके सुटे होतील तितकं बरं. मिथिलीन ब्लूचा थेंब, कव्हरस्लिप, ४० पटीचं ऑब्जेक्टिव्ह. आधी काहीच पट्टे दिसत नाहीत, कारण उजेड फार असतो. कंडेन्सरचा डायफ्रॅम (स्लाइडखालचा, उजेड कमी-जास्त करणारा पडदा) हळूहळू बंद करत न्या. एका क्षणी धाग्यावर आडव्या बारीक रेघा उमटतात, एकसारख्या अंतरावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन रेघांमधलं अंतर दोन-अडीच मायक्रॉनच्या घरात असतं, म्हणून त्या दिसायला वेळ लागतो. केंद्रकं धाग्याच्या कडेला सरकलेली, आणि एकाच धाग्यात कितीतरी. वजडीतल्या अरेखित स्नायूत हे पट्टे नाहीत. तिथल्या पेशी दोन्ही टोकांना निमुळत्या आणि केंद्रक एकच, मधोमध. हृदयाच्या स्नायूला पट्टे असतात, पण धागे फांद्या फुटल्यासारखे एकमेकांना जोडलेले. तिन्ही नमुने एकाच दुकानात मिळतात. घरात कोणी शाकाहारी असेल तर आधी परवानगी घ्या, आमच्याकडे सूक्ष्मदर्शक गॅलरीत गेला आहे.

मेणाविना, हातानेच काप काढायचा असेल तर कूर्चेसारखी (कार्टिलेज) सोयीची प्राणिज ऊती नाही. मऊ मांस ब्लेडखाली चुरगळतं, कूर्चा घट्ट उभी राहते. नवं ब्लेड, पाण्याचा थेंब आणि पारदर्शक वाटेल इतकी पातळ चकती. तिच्यात छोट्या पोकळ्या दिसतात, पोकळीत पेशी, बरेचदा दोन-दोन जोडीने. मध्ये भरपूर मोकळा दिसणारा पदार्थ आणि रक्तवाहिनी एकही नाही. गुडघ्यातली कूर्चा झिजली की भरून का येत नाही, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. संयोजी ऊतींचं लक्षणही कळतं: पेशी विरळ आणि त्यांच्यामधला पदार्थच जास्त. अभिस्तर ऊतीत बरोबर उलटं, पेशी गच्च आणि मध्ये जवळजवळ काही नाही.

कूर्चेने रंगाचा एक गैरसमजही मोडला. तयार स्लाइड बहुधा हिमॅटॉक्झिलिन आणि इओसिनने रंगवलेल्या असतात. निळं-जांभळं ते केंद्रक आणि गुलाबी ते बाकीचं, हे सोपं सूत्र सगळे सांगतात. पण कूर्चेच्या स्लाइडवर पेशींमधला पदार्थच निळसर दिसतो. कारण हिमॅटॉक्झिलिन ॲल्युमिनियमच्या साथीने ऋणभार असलेल्या पदार्थांना धरतं. केंद्रकातलं डीएनए तसं आहे, कूर्चेतले सल्फेटवाले रेणूही तसेच. प्रतिपिंडं बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींचं पेशीद्रव्यही त्यातल्या आरएनएमुळे निळसर दिसतं. इओसिनचं उलट, ते धनभारित प्रथिनांना चिकटतं. म्हणजे रंग रसायन सांगतो, जागा नाही.

मग ओळखायचं कशावरून? ओळखीतल्या एक ताई बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहेत. जुन्या शिकवायच्या स्लाइड दाखवताना त्या भाचीला म्हणाल्या, "रंग मंग पाह्यजो बाई, आधी कड शोध." हे सूत्र आम्हाला फार उपयोगी पडलं. अभिस्तर ऊतीला एक मोकळी बाजू असतेच. ती सापडली की थर मोजायचे. एकच थर असेल तर पेशी चपट्या आहेत (फुफ्फुसाच्या वायुकोशात), चौकोनी आहेत (मूत्रपिंडाच्या नलिकांत) की उभट (आतड्यात), ते पाहायचं. थर अनेक असतील तर नाव सगळ्यात वरच्या थराच्या आकारावरून. फसवणारी एक जागा, श्वासनलिका. तिथे केंद्रकं वेगवेगळ्या उंचीवर असल्याने अनेक थर वाटतात, पण प्रत्येक पेशीचा पाय तळाला टेकलेला असतो.

ताईंनी गर्भाशयमुखाचीही स्लाइड दाखवली. एका बाजूने अनेक थरांचा चपटा अभिस्तर येतो, दुसऱ्या बाजूने एकाच थराच्या उभट पेशी, आणि दोन्ही जिथे भेटतात ती सीमा स्पष्ट दिसते. गर्भाशयमुखाचे बहुतेक कर्करोग याच सीमेच्या पट्ट्यात सुरू होतात. पॅपचा नमुना नेमका तिथून घ्यावा लागतो तो यासाठी. भाचीने विचारलेले प्रश्न ऐकून वाटलं, तिची नोकरी इथेच कुठेतरी असणार.

रक्त ही संयोजी ऊतीच, पण विदर्भात तिच्यासाठी वेगळं पान हवं. लाल पेशी सात-आठ मायक्रॉनची, केंद्रक नाही, आयुष्य सुमारे १२० दिवस. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं की ऑक्सिजन कमी पडताच हे रेणू एकमेकांना चिकटून लांब धागे होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. हाच सिकलसेल आजार, आणि तो आपल्या भागात घराघरांतला विषय आहे, म्हणून एक गोष्ट ठासून लिहितो: वाहक माणसाची (ज्याला सदोष जनुक आई-बाबांपैकी एकाकडूनच आलेलं असतं) रक्ताची स्लाइड बहुधा अगदी नेहमीसारखी दिसते. त्याच्या पेशी एरवी वाकत नाहीत. स्लाइड चांगली दिसली म्हणून "काही नाही" म्हणता येत नाही. आधी विद्राव्यता चाचणी, मग पक्क्या निदानासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी, हाच रस्ता. लग्नाआधी तपासणी करा असं सांगतात ते याचसाठी, कारण दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक.

रक्ताच्या स्लाइड घरी करणाऱ्यांनी लॅन्सेट (बोट टोचायची सुई) एकदाच वापरावं आणि जाड डब्यात बंद करून टाकावं, दुसऱ्याचं रक्त घरी हाताळू नये. रक्ताच्या स्लाइडसाठीच्या लीशमन रंगाला नळाचं किंवा बोअरचं पाणी लावू नका. ते क्षारीय असेल तर लाल पेशीसुद्धा निळसर दिसतात. ६.८ पीएचचं बफर घ्या. पावसाळ्यात स्लाइड हळू सुकते आणि पेशींवर चमकदार ठिपके येतात, तेव्हा पसरवल्याबरोबर पंख्याखाली धरा.

चेता ऊती पुढच्या नोंदीत. घरच्या साधनांत ती जमणं अवघड दिसतंय, त्यामुळे तयार स्लाइडवरच भागवू. बुटीबोरी, कामठी किंवा शहरात कोणाकडे हाताने फिरवायचा जुना मायक्रोटोम पडून असेल तर कळवा. पाती बोथट असली तरी चालतील.