अंशतः खरे आहे

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझी लहानशी फौंड्री आहे, धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. लहानशी म्हणजे दोन भट्ट्या, सोळा माणसं आणि मागच्या कंपाउंडला टेकलेला काळ्या वाळूचा ढीग. साच्याची वाळू आम्ही पुन्हा पुन्हा वापरतो, पण दर वेळी तिच्यातली थोडी जळते आणि तेवढी बाहेर टाकावीच लागते. पूर्वी खोलगट रान भरायला शेतकरी स्वतःची ट्रॉली आणून ती न्यायचे, वर चहाही पाजायचे. मग नियम कडक झाले, नोटिसा आल्या, ट्रॉल्या बंद झाल्या. मोठ्या कारखान्यांनी वाळू पुन्हा वापरात आणायची यंत्रं बसवली. आमच्यासारख्यांना ती परवडत नाहीत. आमचं मागणं एवढंच की वसाहतीत एखादी सामाईक जागा द्या, तिथं नियमानं वाळू टाकू आणि भाडंही भरू.

एवढ्यासाठी मी चार वर्षं पाठपुरावा करतोय. लॉबिंग हा शब्द आमच्यात कोणी वापरत नाही. तो ऐकला की बॅगेत नोटा घेऊन फिरणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. आपल्या देशात हे काम करणाऱ्यांची नोंदणी करणारा कायदाच नाही, त्यामुळं मी नेमका कोण हे मलाही सांगता येत नाही. माझ्या बॅगेत निवेदनाच्या झेरॉक्स, स्टेपलर आणि दोन किलो गूळ असायचा. गूळ मंत्रालयासाठी नव्हे, डोंबिवलीच्या मेहुण्यासाठी. मुक्काम त्याच्याकडं असायचा. संघटनेनं या कामाला मला निवडलं त्याचं खरं कारणही तेच: लॉजचा खर्च नाही.

आमदारांची नावं लिहिणार नाही. परत त्यांच्याच दारात जायचंय.

सुरुवात सगळे करतात तशीच केली. लेटरहेडवर चार पानी निवेदन, खाली अकरा जणांच्या सह्या. बऱ्याच टर्म झालेले एक वजनदार साहेब रविवारी सकाळी लोकांना भेटायचे, तिथं गेलो. दीड तास बाकावर बसून नंबर आला. साहेबांनी पहिलं पान बघितलं, वर तिरक्या अक्षरात ‘तात्काळ कार्यवाही व्हावी’ लिहिलं, सही केली, फोटो झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही पेपरात आतल्या पानावर. पेढे वाटायचे तेवढे राहिले.

सहा महिन्यांनी मी महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला गेलो. दुपारी दोननंतर मंत्रालयात सोडतात, रांगेत उभा राहून पास काढला आणि दोन मजले फिरून एका टेबलापाशी पोचलो. टेबलावरच्या बाईंनी वर न बघता विचारलं, “आवक नंबर?” नंबर नव्हताच. शेरा मारलेला तो कागद साहेबांच्या घरातून बाहेरच पडला नव्हता.

मी चिडलो होतो. आमच्या संघटनेतले अण्णा हसले. चाळीस वर्षं फौंड्रीत आणि तेवढीच वर्षं राजकारण बघण्यात गेलेला माणूस. म्हणाले, “साहेबांना मंत्रिमंडळ विस्ताराची वाट आहे रे. आत्ता ते सरकारला अडचणीचा प्रश्न विचारतील व्हय?”

हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं मंत्रिमंडळाला सभागृहाच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. विधानसभा २८८ ची, म्हणजे मुख्यमंत्री धरून ४३ मंत्री. २०२२ च्या जूनअखेर सरकार बदललं आणि ऑगस्टमधल्या शपथविधीनंतर मंत्रिमंडळ २० वर थांबलं. २३ खुर्च्या रिकाम्या आणि कोट शिवून तयार असलेले त्याच्या कितीतरी पट. पुढचा विस्तार २०२३ च्या जुलैत झाला, तोही राष्ट्रवादीतून नव्यानं सत्तेत आलेल्या नऊ जणांचा. ते सगळं वर्ष सत्ताधारी बाजूच्या अनुभवी आमदाराकडून कडक प्रश्न विचारून घेणं म्हणजे लग्न ठरायच्या बेतात असलेल्या पोराला सासऱ्याकडं उधारी मागायला लावणं.

तेव्हापासून मी आमदाराकडं जायच्या आधी तो कुठल्या टप्प्यावर आहे ते बघतो. पहिल्या टर्मचा माणूस भुकेला असतो. सभागृहात नाव पुकारलं गेलं पाहिजे, मतदारसंघात व्हिडिओ फिरला पाहिजे. त्याला विषय लागतात आणि माझ्याकडं विषय असतो. दुसऱ्या टर्मचा कामाचा, पण त्याच्याकडं निधीची कामं इतकी असतात की वाळू त्याच्या डोक्यात शिरत नाही. मंत्रिपद हुकलेल्याला महामंडळ मिळेपर्यंत थोडे दिवस खिडकी उघडी असते. त्या दिवसांत तो स्वतःच्या सरकारलाही टोचतो. ती खिडकी चुकवायची नाही. मंत्री झालेला माणूस मात्र आपला राहत नाही, तो खात्याचा होतो. हे वाईट म्हणून सांगत नाही, कामाचं स्वरूपच तसं आहे.

कोल्हापुरात याच्यावर आणखी एक थर आहे, गटाचा. बाहेरचा माणूस विचारतो कुठला पक्ष. इथं विचारायचं कुठला गट. २०१९ च्या लोकसभेला ‘आमचं ठरलंय’ हे तीन शब्द सगळ्या जिल्ह्यात फिरले आणि काँग्रेसची माणसं उघड शिवसेनेच्या उमेदवारामागं उभी राहिली. साखर कारखाना, जिल्हा बँक, गोकुळ दूध संघ, बाजार समिती, या पायऱ्या चढूनच इथं बहुतेकांची आमदारकी येते आणि टिकते. गोकुळची निवडणूक लागली की वाळूचं नाव काढायचं नाही. २०२१ मध्ये लागली होती तेव्हा एका पीएनं मला सरळ सांगितलं होतं, “ठराव कुणाचा आणता येतोय का? नसेल तर पुढच्या महिन्यात या.” ठराव म्हणजे गावच्या दूध संस्थेच्या वतीनं मत कुणी द्यायचं ते ठरवणारा कागद.

अण्णांच्याच ओळखीनं शेवटी पहिल्या टर्मचे एक आमदार गाठले. जिल्ह्यातले की बाहेरचे, ते विचारू नका. प्रश्न कुठल्याही आमदाराला राज्यातल्या कुठल्याही गावाचा विचारता येतो. खरी गाठ पडली ती त्यांच्या पीएशी. तिशीतला पोरगा, शर्टाच्या खिशात तीन पेनं. माझी चार पानं त्यानं हातात तोलल्यासारखी केली.

“काका, हे कोण वाचणार?”

“मग काय करू?”

“काय पाहिजे ते एका ओळीत सांगा.”

मी सांगितलं. त्यानं चहा मागवला आणि तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, लिहायला घेतला. त्याची एक ठरलेली चाल असते. पहिलं कलम ‘हे खरे आहे काय’ यावर संपतं, दुसरं ‘असल्यास’नं सुरू होतं, तिसरं ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. आमचं पहिलं कलम असं झालं: ‘कोल्हापूर जिल्ह्यातील औद्योगिक वसाहतींमधील लघु फौंड्री उद्योगांना वापरलेल्या वाळूच्या विल्हेवाटीसाठी सामाईक जागा उपलब्ध नसल्याचे माहे सप्टेंबर, २०२२ मध्ये वा त्या दरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय’.

मी म्हटलं, “सप्टेंबर कुठनं आला? वाळू तर कायमच आहे. आणि ‘वा त्या दरम्यान’ कशाला?”

“महिना लागतो. आणि नुसता महिना टाकला नि तो चुकला, तर खातं ‘हे खरे नाही’ लिहून मोकळं होतं. मग खालची दोन्ही कलमं मेली. ‘प्रश्न उद्भवत नाही.’”

पेनाचं टोक तिसऱ्या कलमावर ठेवून तो म्हणाला, “हे कधी सोडायचं नाही. पहिल्या दोनला गोल उत्तर देता येतं. कारण लिहायचं म्हटलं की कक्ष अधिकाऱ्याला फाईल काढावी लागते. आपल्याला उत्तर नको काका, फाईल हलायला पाहिजे.”

त्या तासाभरात मला चार वर्षांतलं सगळ्यात जास्त कळलं. प्रश्नावर आणखी तीन आमदारांची नावं घातली, त्यातलं एक मुद्दाम स्थानिक, कुणाला डावलल्यासारखं वाटायला नको म्हणून.

हिवाळी अधिवेशन नागपूरला. १९५३ च्या नागपूर कराराची ही आठवण आमच्या कंबरेला चांगली लक्षात आहे. कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलं की नागपूर यायला चोवीस तासांहून जास्त लागतात. कोरोनामुळं दोन वर्षं तिथं अधिवेशन झालं नव्हतं, त्यामुळं २०२२ च्या डिसेंबरात सगळं राज्य एकदम येऊन पडल्यासारखं वाटलं. मोर्चे, मंडप, आमदार निवासाच्या जिन्यात झोपलेले कार्यकर्ते. आमचा प्रश्न छापील यादीत होता, पण खाली, सदतिसावा. प्रश्नोत्तराचा तास एकच असतो आणि पहिल्या पाच-सहा प्रश्नांवरच उपप्रश्न विचारण्यात तो संपला. सदतिसाव्याचं तोंड कुणी बघितलं नाही. संध्याकाळी छापील उत्तर हातात आलं:

(१) हे अंशतः खरे आहे.
(२) प्रकरण तपासण्यात येत आहे.
(३) प्रश्न उद्भवत नाही.

टपरीवर तर्री-पोहे समोर होते, ते मला गिळेनात. छत्तीस जणांच्या मागं उभं राहून एवढंच? पीए मात्र खुशीत. “काका, ‘अंशतः’ म्हटलंय! खात्यानं कागदावर कबूल केलं. ‘खरे नाही’ लिहिलं असतं तर तुम्ही आज मेला असता.” मग त्यानंच सांगितलं की वाळू कचरा म्हणून एका खात्याची आणि जागा म्हणून दुसऱ्या खात्याची, हा घोळ उत्तर लिहिताना पहिल्यांदा दोन्हीकडच्या लोकांच्या लक्षात आला. म्हणजे माझ्या ढिगाला दोन बाप आहेत हे सरकारला त्या डिसेंबरात कळलं.

अर्थसंकल्पी अधिवेशनात नियम १०५ ची लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडं मंत्र्यांचं लक्ष वेधायची सूचना, टाकली. एकदा नाही, सात वेळा. रोज ढिगानं सूचना जातात, त्यातल्या मोजक्या मान्य होतात. आठवी लागली. रात्री साडेदहाला फोन आला, “उद्या आहे, या.” मी डोंबिवलीतच होतो. सकाळी सातला आकाशवाणी आमदार निवासात पोचलो तेव्हा साहेब बनियनवर इडली खात होते. मला म्हणाले, “बसा. तीन मुद्दे सांगा, चौथा लक्षात राहणार नाही.” तीन सांगितले. टॉवेलनं हात पुसत त्यांनी ते तळहाताएवढ्या कागदावर लिहून घेतले.

मोबाईल जमा करून प्रेक्षक गॅलरीत बसलो. वरून सभागृह वाटतं त्याहून लहान दिसतं. आमचा विषय घड्याळात नऊ मिनिटं चालला. त्यातली दोन मिनिटं वाळू म्हणजे नदीतली वाळू समजून दुसऱ्याच एका सदस्यानं वाळू माफियांवर खर्च केली. शेवटी मंत्र्यांकडून वाक्य आलं: तीन महिन्यांत संबंधितांची बैठक घेण्यात येईल.

मी हिरमुसलो, कारण बैठकांना मी कंटाळलो होतो. पण सभागृहात दिलेलं आश्वासन हवेत जात नाही. त्याची नोंद होते आणि आश्वासन समिती ते पूर्ण झालं का ते विचारत राहते. बाहेर भाषणात दिलेला शब्द आणि आत दिलेला शब्द यांत हा फरक आहे, आणि तो ठाऊक असलेला उद्योजक मला अजून दुसरा भेटलेला नाही. तीन महिन्यांचे आठ झाले, पण बैठक झाली. मोजणीवाले आले, वसाहतीच्या टोकाला ओढ्याकडच्या बाजूला चार खुंट्या मारल्या, चुन्याची फक्की टाकली. त्या दिवशी पेढे खरंच वाटले.

पाऊस आला, फक्की गेली. २०२४ च्या मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली, ऑक्टोबरात विधानसभेची. खुंट्यांपैकी दोन कुणीतरी शेळ्या बांधायला नेल्या.

नोव्हेंबरच्या निकालात आमचे पहिल्या टर्मचे साहेब पडले. जिल्ह्याचं चित्रच पालटलं. २०१९ मध्ये दहापैकी भाजपला एकही जागा नव्हती, आता काँग्रेसला एकही नाही. दहाही आमदार महायुतीचे किंवा तिच्या बाजूचे. पाठपुरावा करणाऱ्याला हे सोयीचं वाटेल, पण तसं नाही. तीन पक्षांचेच २३० आमदार आणि खुर्च्या त्याच ४३. पुन्हा सगळे वाट बघणारे. विधानसभेत जिल्ह्याचा म्हणून टोचणारा कोणी उरला नाही, त्यामुळं अण्णा आता विधान परिषदेकडं बोट दाखवतात. तिथं अजून विरोधी बाकावर आपल्याकडची माणसं आहेत.

तरी आधी नव्या साहेबांकडं गेलो. रीत आहे. इथंही पीए, इथंही चहा. आता माझी फाईल जाड झालीय: आवक नंबर, प्रश्नाची प्रत, उत्तर, लक्षवेधीचं निवेदन, बैठकीचं इतिवृत्त, खुंट्यांचे फोटो. त्यानं एकेक पान उलटलं. चांगला वाचणारा होता, हे मान्य केलं पाहिजे. मधेच थांबला.

“हे पत्र आधीच्या साहेबांचं?”

“हो.”

“हे तेवढं काढून ठेवा. बाकी सगळं चालतंय.”

मी स्टेपलरच्या मागच्या दातानं पिन उचकटली, पत्र काढलं, बाकीच्या पानांना नवी पिन मारून फाईल दिली. पत्र ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. अण्णा म्हणाले टाकू नको, ते परत उभे राहणार आहेत.