रॅटलस्नेक वाजलाच नाही, तर? टेक्सासच्या शिकारी कॅम्पवर दिसणारं सापांचं वागणं

टेक्सासमधली जवळजवळ सगळी जमीन खासगी मालकीची आहे. त्यामुळे हरणाच्या शिकारीला जाणारी मंडळी एखाद्या रँचचा (गुरं पाळण्याच्या मोठ्या खासगी रानाचा) तुकडा वर्षाच्या कराराने घेतात. त्याला तिकडे डिअर लीज म्हणतात. एक जुना ट्रेलर, शेकोटीची जागा, लाकडांचा ढीग, मका फेकणारे फीडर आणि लपून बसायला ब्लाइंड, एवढा त्या कॅम्पचा पसारा. मुख्य सीझन नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो, म्हणून डागडुजीसाठी लोक सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथे पोचतात. आणि नेमके त्याच दिवसांत वेस्टर्न डायमंडबॅक रॅटलस्नेक, म्हणजे शेपटीच्या टोकाचा खुळखुळा वाजवून इशारा देणारे विषारी साप, फिरतीवर असतात. नर माद्यांच्या मागावर असतात, काही माद्या नुकत्याच व्यायलेल्या असतात आणि थंडी पडायच्या आत सगळ्यांना आपापलं हिवाळी बीळ गाठायचं असतं. 'साप विचित्र वागला' असे किस्से याच आठवड्यांत निघतात. नीट पाहिलं तर सापाच्या दृष्टीने त्यात विचित्र काही नसतं, आणि बऱ्याचदा त्या वागण्याचं कारण खुद्द कॅम्पच असतो.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे 'पायाशी होता, तरी वाजला नाही'. त्यावर ठरलेलं स्पष्टीकरण असं, की रानडुकरांनी वाजणारे साप शोधून खाल्ले, म्हणून आता गप्प बसणारेच उरले. याला भक्कम पुरावा नाही. डायमंडबॅकचा पहिला बचाव हा कायमच अंगावरची नक्षी आणि स्तब्धता हाच आहे. धूळ, वाळलेलं गवत आणि मेस्किटच्या काटेरी झाडांच्या सावलीत तो दिसत नाही, आणि हे त्याच्या फायद्याचं असतं. शेपूट वाजवणं म्हणजे आपली जागा स्वतःहून उघड करणं. लपणं फसलं असं वाटलं तरच तो वाजवतो. माणूस चार फुटांवरून निघून गेला तर बहुतेक वेळा तो हलतही नाही.

शिवाय कधीकधी वाजवणं त्याला जमतच नाही. खुळखुळा केराटिनच्या एकमेकांत अडकलेल्या पोकळ कड्यांचा असतो. प्रत्येक कात टाकताना एक कडं वाढतं, आणि कात वर्षातून दोन-चारदा पडते. म्हणून कडी मोजून वय काढणं चुकीचं. नवजात पिल्लाला एकच गुंडी असते. घासायला दुसरं कडं नाही, तर आवाज कुठून येणार? विष मात्र पहिल्या दिवसापासून असतं. दगडांत अडकून खुळखुळा तुटलेले मोठे सापही भेटतात. थंडीत शेपटीचे स्नायू मंदावतात, त्यामुळे पहाटे गारठलेल्या सापाचा आवाज धिमा आणि बारीक येतो.

आवाज आला तरी कानावर फार विसंबू नका. ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं, की कुणी जवळ येऊ लागलं की डायमंडबॅक आधी सेकंदाला सुमारे ४० ठोक्यांपर्यंत वेग वाढवत नेतो आणि मग एकदम ६० ते १०० च्या घरात उडी मारतो. ऐकणाऱ्याला साप असतो त्यापेक्षा जवळ वाटतो. म्हणून आवाज आला की पहिलं काम म्हणजे आहात तिथे थांबणं. मग मान वळवून डोळ्यांनी साप शोधा, आणि तो दिसल्यावरच उलट दिशेला पाऊल टाका. घाबरून मारलेली उडी दुसऱ्या सापावर पडू शकते. सापाची झेप साधारण त्याच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत जाते. सहा फूट अंतर राखलं तर मोठ्या डायमंडबॅकपासूनही धोका राहत नाही. कोकणातलं फुरसं अंगावरचे खवले घासून आवाज करतं आणि त्यासाठी वेटोळं फिरवत राहतं, त्यामुळे लगेच नजरेत भरतं. रॅटलस्नेकचं बाकी अंग स्थिर असतं, फक्त शेपटीचं टोक थरथरतं आणि तेही बऱ्याचदा वेटोळ्याआड असतं.

दुसरी तक्रार म्हणजे 'साप माझ्या मागे लागला'. इथे एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. रॅटलस्नेक उंदराला डसतो आणि लगेच सोडून देतो, म्हणजे उंदराचे दात त्याला लागत नाहीत. विष चढलेला उंदीर काही अंतर पळून मरतो. मग साप निघतो: डोकं जमिनीलगत, जीभ लपलप आत-बाहेर, मधेच थांबून डावीकडे-उजवीकडे चाचपत. डसलेल्या उंदराचा माग तो इतर उंदरांच्या मागातून वेगळा ओळखतो. हा माग ट्रेलरखालून, खुर्च्यांच्या मधून किंवा तुमच्या बुटाशेजारून गेला, तर सापही तिथूनच जाणार. त्याला तुमच्यात काडीचाही रस नसतो. दहा-बारा फूट बाजूला व्हा, तो आपल्या वाटेने निघून जाईल.

उंदीर आले कुठून, हा खरा प्रश्न. फीडर टायमरवर मका फेकतो, हरणं खाऊन उरलेला रात्री वुडरॅट आणि उंदीर वेचतात. त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर साप वेटोळं करून तासन् तास बसून राहतो. त्यामुळे फीडरच्या पायांभोवतीचं गवत, ब्लाइंडची पहिली पायरी आणि आतला गालिचा या तीन जागी टॉर्च मारल्याशिवाय हात-पाय घालायचा नाही. डायमंडबॅक झुडपांत आणि निवडुंगावर चढतो, आणि पूर्व टेक्सासमधला टिंबर रॅटलस्नेक तर झाडावरही सापडतो. ब्लाइंड जमिनीपासून वर आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

दोन साप अंगाचा पुढचा भाग उभा करून एकमेकांना पिळे घालताना दिसले, तर ते दोन नर कुस्ती खेळतायत. समागमात जोडी जमिनीवरच पडून असते. ओंडक्याखाली पिल्लांचा पुंजका आणि शेजारी मोठी मादी दिसली तर तो भाग आठ-पंधरा दिवस सोडून द्या. पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत आई तिथेच थांबते. पावसात उघड्यावर चपटं वेटोळं करून बसलेला साप आजारी नसतो. तो स्वतःच्या खवल्यांवर साचलेलं पाणी पीत असतो. कोरड्या मुलखात राहणाऱ्या या सापाचं हे सगळ्यात सुंदर वागणं आहे, दुरून जरूर पाहा.

डिसेंबर-जानेवारीत साप नसतात, हा समजही सोडा. उत्तरेचा गार वारा ओसरला आणि दुपार उबदार निघाली की ते बिळाच्या तोंडाशी ऊन खायला येतात. खडकातली भेग, पडकी विहीर, काँक्रीटच्या स्लॅबखालची पोकळी, यांपैकी काहीही हिवाळी बीळ असू शकतं, आणि तेच साप दरवर्षी तिथे परततात. ट्रेलर अशा जागी उभा असेल तर ट्रेलर हलवणं हाच उपाय.

बाकी उपाय साधे आहेत, पण ते सगळे एकत्र करावे लागतात. मका झाकणाच्या लोखंडी पिंपात ठेवा, पोती जमिनीवर नकोत. सांडलेला दाणा त्याच संध्याकाळी झाडून घ्या. फीडर कॅम्पपासून दूर लावा. लाकडं जमिनीपासून फूटभर उंच रॅकवर आणि ट्रेलरपासून लांब रचा. ट्रेलरच्या खालच्या कडेला पाव इंची जाळी लावा आणि ती सहा इंच जमिनीत पुरा. अर्धा इंची जाळीतून पिल्लं आत शिरतात. डांबरगोळ्या, गंधक, दोरखंडाचा वेढा यावर पैसे घालवू नका, साप त्यावरून सरळ जातो.

आलेला साप हलवायचाच असेल तर ते सराव असलेल्या माणसाचं काम. लांब हूक आणि घट्ट झाकणाची पाच गॅलनची बादली लागते. आणि तो फार दूर नेऊन सोडू नये. अनोळखी मुलखात सोडलेले साप भरकटतात आणि बरेच मरतात.

मारलेल्या सापाला हात लावू नका. तोडलेलं डोकंही प्रतिक्षिप्त क्रियेने तासाभरानंतरसुद्धा चावू शकतं. २०१८ मध्ये दक्षिण टेक्सासात अशाच डोक्याच्या चाव्यानंतर एका माणसाला अँटिव्हेनमचे (सर्पविषावरच्या औषधाचे) २६ डोस द्यावे लागले.

चावा झालाच, तर अंगठ्या, घड्याळ, बूट लगेच काढा, कारण सूज झपाट्याने चढते. अवयव हृदयाच्या साधारण पातळीवर ठेवा, सुजेच्या कडेला पेनाने रेघ ओढून वेळ लिहा आणि निघा. आवळपट्टी, चिरा, तोंडाने ओढणं, बर्फ यांतलं काहीही नको. नाग-मण्यारच्या चाव्यावर काही ठिकाणी दाबपट्टी शिकवतात, ती इथे वापरू नका. या विषाने ऊतकं सडतात आणि ते एका जागी कोंडलं तर नुकसान वाढतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरचं भारतातलं अँटिव्हेनम रॅटलस्नेकवर उपयोगी नाही. अमेरिकेत क्रोफॅब आणि अ‍ॅनाव्हिप ही अँटिव्हेनम वापरतात. क्रोफॅबची सुरुवातच चार ते सहा कुप्यांनी होते, आणि छोट्या गावातल्या दवाखान्यात तेवढा साठा असेलच असं नाही. सीझनआधी फोन करून विचारून ठेवा. त्या हॉस्पिटलचं नाव, पॉइझन कंट्रोल या विषबाधेवर सल्ला देणाऱ्या अमेरिकी हेल्पलाइनचा १-८००-२२२-१२२२ हा नंबर, कॅम्पचे अक्षांश-रेखांश आणि रँचच्या प्रत्येक फाटकाच्या कुलपाचा आकडा ठळक अक्षरांत लिहून ट्रेलरच्या दाराला आतून चिकटवा. अँब्युलन्स बंद फाटकाशी अडकली, तर आत चावा झालेल्या माणसाचा तेवढा वेळ फुकट जातो.